मुकी मिल

फुटाणा खाताना चैतराम उके यांचा जबडा मोडला.

मिलच्या कॅन्टीनमध्ये, दुपारच्या चहाला हे घडलं. फुटाणा काही दगडासारखा नव्हता. त्याच पुडीतले मूठभर फुटाणे हेमलता तुरकरनेही खाल्ले होते. काकाजी, म्हणजे चैतरामच, सगळी मिल त्यांना काकाजी म्हणायची, तिच्या समोर बसून जावयाच्या नव्या मोटारसायकलची टिंगल करत होते. मधेच ‘कट्’ असा आवाज झाला आणि ते बोलायचे थांबले. त्यांनी गालाला हात लावला आणि आपल्याला हे काय झालं ते तिनेच सांगावं अशा नजरेने हेमलताकडे पाहिलं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं. ओरडायचं म्हटलं तरी जबडा हलत नव्हता.

काही दिवस चेष्टा चालली. काकाजीले आता आंबीलच पाजा, असं जो तो म्हणायचा. मग रूपचंद बोपचे घरी जाऊन डोक्यावरून बनियन काढायला गेला, आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. रूपचंद तिशीतला, कबड्डी खेळणारा गडी. तेव्हा मात्र चेष्टा बंद झाली. कोणी म्हणालं, बोअरचं पाणी बाधतंय. कोणी म्हणालं, टेकडी फोडली म्हणून टेकडीवरचा देव कोपला. हेमलताला देवाचं भय वाटलं नाही आणि पाण्याचंही नाही. तिला एवढंच दिसत होतं की काकाजी आणि रूपचंद दोघेही मिलच्या मजल्यावर, यंत्राशेजारी, कामाला होते, आणि तिचा नवरा डिलेशही तिथेच होता.

डिलेश तुरकर म्हणजे सहा फूट उंच, आडदांड माणूस. शिडी असताना शिडीने उतरायचं त्याला ठाऊकच नव्हतं. मिलच्या मचाणावरून तो थेट खाली उडी टाकायचा आणि घरी आला की चार वर्षांच्या रेवाला हवेत फेकून झेलायचा. आता तो जोरात शिंकला तरी हेमलता हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावत असे.

“कायले भेतेस?” तो म्हणायचा. “मले काय झालं? पाह्य इकडं.” आणि छातीवर थाप मारून दाखवायचा. ती थाप तिला बघवत नसे.

हिरडटोल्याची खाण फॉस्फेटची. ज्यापासून शेतीचं खत होतं तो हा दगड. पण त्यातलं कामाचं खनिज, अ‍ॅपेटाइट, गारगोटीत दाण्यादाण्याने अडकून बसलेलं असतं, आणि ते सोडवायचं तर दगडाचं पीठ करावं लागतं. जुनी बॉल मिल म्हणजे घराएवढं लोखंडी पिंप. आत दगड, पाणी आणि पोलादी गोळे, आणि रात्रंदिवस धडधड. सगळी मेख त्या धडधडीतच होती. मिलला दिलेल्या विजेतला अगदी किरकोळ हिस्सा दगड फुटण्याच्या कामी यायचा, बाकीची वीज उष्णता आणि आवाज होऊन वाया जायची. जगभरच्या खाणी वर्षानुवर्षं अशीच वीज उधळत आल्या होत्या.

नवी मिल वेगळ्या अकलेची होती. डाळिंब दगडावर आपटलं तर दाणे चिरडतात. तेच अर्धं कापून पाठीवर चमच्याने नेमकं ठोकलं तर दाणे अख्खे सुटून ताटात पडतात. नवी मिल असं ठोकायची. तिच्याही फिरत्या पोलादी पिंपावर पाट्या बसवल्या होत्या. त्या आधी दगडात अगदी बारीक कंप सोडायच्या, दगड काय उत्तर देतो ते ऐकायच्या, आणि अ‍ॅपेटाइटचे दाणे ज्या कंपाने अख्खे सुटतील तो शोधून काढून तेवढाच द्यायच्या. माल बदलला की कंपही बदलायचा. नवीन काही पोटात आलं की ते कशाने सुटेल हे मिल आपलं आपण शिकायची. माणसाच्या कानाला यातलं काही ऐकू येत नसे, म्हणून कामगारांनी तिचं नाव मुकी ठेवलं. तिला वीज इतकी थोडी लागायची की टेकडीवरच्या सौर पॅनेलवर काम भागे. ऊन उतरू लागलं की मुकी नवा माल घेणं थांबवायची, पोटात उरलासुरला दगड शोधून शोधून संपवायची आणि मग बंद व्हायची. रात्रपाळीकडे फक्त टाक्या आणि धुणंपुसणं उरायचं.

कंपनी खूश होती, कंट्रोल रूममध्ये बसून मुकीवर नजर ठेवणारी हेमलताही खूश होती. खाली मजल्यावरच्या माणसांना मात्र ती मानवत नव्हती. जुन्या मिलवर पाळी बदलताना ‘कान देण्याची’ रीत होती. लोखंडी सळईचं एक टोक मिलच्या बेअरिंगला टेकवायचं आणि दुसरं आपल्या कानामागच्या हाडाला. पोटातले गोळे झिजलेत का, माल घट्ट झालाय का, हे हाडातून कळायचं. जाणाऱ्याने ऐकायचं, मग येणाऱ्याने ऐकायचं, दोघांनी ‘ऐकलं’ म्हटलं की पाळी बदलली. मुकी आली तेव्हा कंपनीने सगळ्या सळया उचलून नेल्या आणि ‘मिलला स्पर्श करू नये’ अशी पाटी लावली. पण पाट्या नवख्यांसाठी असतात असं जुन्या माणसांचं मत. आणि जी तोंडातून चकार शब्द काढत नाही, तिच्या भरवशावर पाळी सोपवायची तरी कशी? काकाजींनी कुठूनशी एक नवी सळई पैदा केली आणि रीत चालू राहिली.

हेमलताला हे ठाऊक होतं. संध्याकाळी सळई टेकली की तिच्या पडद्यावरची, मुकीला येणाऱ्या उत्तराची रेघ किंचित थरथरायची. डिलेश असेल, असं मनात येऊन ती हसायची. वर कळवावं असं त्यात काही आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काकाजींचा जबडा जुळेना. त्यांच्या घरी बायको थकलेली, म्हणून एका दुपारी सुट्टी टाकून हेमलताच त्यांना वसाहतीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर रुखमोडे बाई तरुण होत्या आणि सहसा मोकळ्या बोलायच्या. त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं.

“यांच्या हाडाचा कण मी नागपूरला तपासायला पाठवला होता,” त्या म्हणाल्या. “त्याचा सूक्ष्मदर्शकातला फोटो आलाय. खरं सांगू? मला काही उलगडत नाही. वयाने हाड विरळ होतं, तसं हे नाही. कॅल्शियम जिथल्या तिथे आहे. बघा तुम्हीच.”

त्यांनी पडदा फिरवला. हेमलताला आधी वाटलं, बाईंनी चुकून भलताच फोटो लावला. असले फोटो ती रोज सकाळी पाहायची. दाणे अख्खे, कुठे चिरडलेले नाहीत, आणि प्रत्येक दाण्याभोवती फिरलेली एक बारीक काळी रेघ.

“हा आमच्या मालाचा फोटो आहे,” ती म्हणाली. “चांगल्या दळलेल्या मालाचा.”

“अहो, हा काकाजींच्या जबड्याचा आहे.”

हेमलताने पडद्यावरच्या एका दाण्यावर बोट ठेवलं. “डॉक्टर, हाड कशाचं बनलेलं असतं?”

“प्रथिनांचं जाळं, आणि त्यात बसवलेले खनिजाचे स्फटिक. म्हणजे अ‍ॅपेटाइटचाच एक...” बाई परीक्षेत सांगावं तसं सांगत होत्या. त्या तिथेच थांबल्या.

हेमलताच्या डोळ्यांपुढे तिचा पडदा आला. संध्याकाळ. मुकीचं पोट रिकामं होत आलेलं. ती कंप सोडते, उरलेला दगड शोधते, उत्तर देणारं फार काही उरलेलं नसतं. आणि नेमकी त्याच वेळी सळई टेकते. सळईच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, आणि माणसाच्या आत अ‍ॅपेटाइट असतं. ती थरथरणारी रेघ म्हणजे मुकी डिलेशला ऐकत होती. ऐकल्यावर काय करायचं, हे तर तिला बनवणाऱ्यांनीच शिकवलं होतं. रोज संध्याकाळी थोडं थोडं करून ती माणसाचं हाड कशाने सुटतं ते शिकली होती.

काकाजींचं तोंड तारेने बांधलेलं होतं, पण कान शाबूत होते. त्यांनी हेमलताचा दंड धरला आणि खिडकीकडे बोट केलं. बाहेर ऊन पिवळं पडलं होतं. पाळी बदलायची वेळ होत आली होती.

मिलच्या मजल्यावर मोबाइल नेता येत नसे. हेमलताने धावता धावता मॅनेजर मुळावकरसाहेबांना फोन लावला.

“साहेब, माणसं मिलपासून दूर करा. आत्ताच्या आत्ता. हाडं मिलमुळे मोडतायत. ते सळईने ऐकतात.”

“कुठली सळई? सळया तर आपण कधीच काढल्या.”

“आहे साहेब, एक आहे! ऊन उतरलं की मिल त्यांचीच हाडं शोधते. नाहीतर मिल तरी थांबवा.”

“मॅडम, शांत व्हा. पोटात माल असताना मिल अशी थांबवली तर तो सिमेंटसारखा बसेल, पिंप फोडून काढावं लागेल. मी पाठवतो कोणाला तरी.”

कोणाला तरी म्हणजे कोणालाच नाही, हे नोकरीत मुरलेल्या माणसाला कळतं. तिने फोन बंद केला. चप्पल तुटली ती टाकून दिली आणि तशीच अनवाणी खडीवरून पळत सुटली.

मिलच्या दालनात नेहमीसारखीच शांतता होती. त्या शांततेचं हेमलताला कधी भय वाटलं नव्हतं, आज ती दारात क्षणभर अडली. एवढं मोठं पिंप सावकाश फिरत होतं आणि त्याच्या फिरण्याचाही आवाज नव्हता. वर मचाणावर डिलेश आणि रात्रपाळीचा ओमकार पटले उभे होते. ओमकारने एक टोक बेअरिंगला लावून धरलं होतं आणि डिलेश मान तिरकी करून, डोळे मिटून, कानामागे सळई टेकवून ऐकत होता.

“सळई सोडा!” ती किंचाळली. “अजी, सोडा ते!”

डिलेशने डोळे उघडले. अनवाणी, घामाघूम बायको पाहून त्याला वाटलं, रेवाला काही झालं. सळई खणकन खाली पडली. त्याने नेहमीसारखे गुडघे वाकवले.

“उडी नका मारू! अजी, तुम्हाला रेवाची शपथ, उडी नका मारू!”

तो थबकला. पडू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी मचाणाचा कठडा घट्ट धरला. कठडा पोलादी होता. मचाण पोलादी होतं, शिडीही पोलादी होती, आणि हे सगळं मिलच्या पायाला वेल्डिंगने जोडलेलं होतं. पिंपाच्या वरच्या बाजूला एक दिवा होता. मुकी शोधत असली की तो पिवळा असायचा आणि तिला हवं ते सापडलं की हिरवा व्हायचा. हेमलताच्या डोळ्यांदेखत तो हिरवा झाला.

पुढचा विचार करायला तिला सवड नव्हती. खांबावरची आणीबाणीची लाल दोरी तिने दोन्ही हातांनी, सगळ्या वजनानिशी ओढली.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. पिंप हळूहळू थांबलं आणि दिवा विझला. आतला माल तळाशी बसू लागला असणार. दोन वर्षांत पोटात माल असताना एकदाही न थांबलेली मिल हेमलता तुरकरने बंद पाडली होती आणि त्या क्षणी तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

“आता उतरा,” ती म्हणाली. “हळू. एकेक पायरी. पाय टेकला की मगच दुसरा.”

“अवो पण झालं काय?” डिलेश वरून म्हणाला. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो शिडीकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा तो शिडीने उतरला. त्याच्यामागून ओमकार, तोही तसाच, पायरी चाचपत.

मुळावकरसाहेब धापा टाकत आले ते बंद दिव्याकडे बघत उभे राहिले. “माल बसला,” ते स्वतःशीच म्हणाले. हेमलताने त्यांना फोटोचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. साहेबांचा रागीट चेहरा ऐकता ऐकता उतरत गेला. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तो शिडीच्या पोलादी कठड्यावर टेकलेला होता. चटका बसावा तसा त्यांनी तो काढून घेतला.

घरी रेवा दारातच वाट बघत होती. बाप दिसताच ती धावली, तिच्या रोजच्या उडीसाठी. हेमलताने तिला मधेच पकडून इतक्या जोरात मागे ओढलं की पोर कळवळून रडायला लागली. डिलेश अंगणात हात पसरून उभा होता तसाच राहिला. रेवाची समजूत काढायलाही हेमलताने त्याला खाली बसू दिलं नाही.

“मी विचारते त्या मिललाच,” झोपायच्या आधी ती म्हणाली.

“काय?”

“तुमचं हाड कसं आहे ते. नुसतं ऐकायचं यंत्रही आहे आपल्याकडे. प्रयोगशाळेत मालाचा नमुना ज्या पाटीवर ठेवतात ना, ती मुकीच्याच पाट्यांसारखी. तिची कंप देणारी तार कापून टाकली की ती फक्त ऐकते. दगडाचे किती दाणे सुटले ते सांगते, तसंच हाडाचंही सांगेल.”

डिलेशने आपला तळहात डोळ्यांसमोर धरून पाहिला. “मले तिले पुन्हा हात लावाचा हाय?”

“हो.”

“मले भेव वाटते, हेमा,” तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता.

सकाळी प्रयोगशाळेबाहेर मजल्यावरची सगळी माणसं जमली होती. कोणी भिंतीला टेकलं नव्हतं. कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. आपलं अंग आपल्याच हातात धरून आल्यासारखी ती माणसं उभी होती. आत डॉक्टर रुखमोडे होत्या. पाटीची तार हेमलताने स्वतः कापली, दोन्ही टोकं वेगळी झालीत हे पाहिलं, तरी पुन्हा एकदा पाहिलं.

डिलेशने डावा तळहात पाटीवर ठेवला. तो रुंद, घट्टे पडलेला हात पाटीभर पसरला. “नुसता ठेवा, दाबू नका,” ती म्हणाली. मग ती पडद्याकडे वळली.

रेघ उमटली, वर चढली आणि चढतच राहिली. हेमलताला वाटलं, आता थांबेल, आता वळेल. मालाची रेघ जिथे वळते तिथे ती वळली नाही. खाली अक्षरं आली. यंत्राला दगड आणि माणूस यांतला फरक कुणी शिकवलेला नव्हता, म्हणून रोज सकाळी चांगल्या मालाला यायची तीच ओळ आली: दाणे मोकळे झाले आहेत, आणखी दळण्याची गरज नाही.

“काय म्हणते?” डिलेशने विचारलं. त्याला तिथून पडदा दिसत नव्हता.

थोडंसंच आहे, असं सांगावं, हे शब्द तिच्या ओठांवर आले. थोडंसंच आहे असं समजून तो रेवाला उचलेल, पायरीवरून उडी मारेल, शर्ट घालायला हात वर करेल. ते शब्द तिने गिळले.

“सगळीकडे आहे,” ती म्हणाली. “हातातलं, दंडातलं. खूप आहे.”

“म्हणजे काकाजीसारखं?”

“त्यांच्याहून जास्त.”

डॉक्टर पुढे झाल्या. “ऐका. हाड जिवंत असतं. दगडासारखं नसतं ते. सुटलेले दाणे शरीर पुन्हा सांधेल, अशी मला आशा आहे. पण ते सांधेपर्यंत धक्का बसता कामा नये. वजन नाही, ओढाताण नाही, कसलाच धक्का नाही.”

“कवापर्यंत?”

डॉक्टरांनी खाली पाहिलं. “असं याआधी कोणाला झालेलंच नाही.”

डिलेशने पाटीवरचा हात उचलला. दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा, दुसऱ्या हाताचा आधार देऊन. “मले बसू दे,” तो म्हणाला. हेमलताने खुर्ची ओढली, त्याच्या कोपरांखाली हात दिले, आणि तो इतक्या सावकाश बसला की त्याचं वजन खुर्चीवर नेमकं कधी आलं हे दोघांनाही कळलं नाही. मग त्याचा चेहरा आक्रसला. छाती भरून वर आली.

“नका, अजी,” ती घाबरून म्हणाली. “हुंदका नका देऊ. फासळ्या...”

त्याने श्वास रोखून धरला. हुंदका त्याने आतल्या आत जिरवला. पाणी तेवढं डोळ्यांतून वाहत राहिलं, आणि ते पुसायलाही त्याने हात वर केला नाही. त्याला कवेत घ्यावं म्हणून तिचे हात पुढे झाले आणि अर्ध्यावर थांबले. कुठे धरायचं हेच तिला कळेना.

बाहेरून दारावर कोणीतरी हलकेच टकटक केली. पुढचा माणूस असावा.

“हात तरी धर,” डिलेश म्हणाला.

तिने हात धरला. दाबला मात्र नाही.